डेव्हिसच्या जीनोम सेंटरचं आरएनए-सीक प्रशिक्षण: अर्ज करण्याआधीची तयारी

हरभऱ्यावर काम करणाऱ्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाचा डेव्हिस कॅम्पस नवा नाही. २०१३ साली हरभऱ्याचा जीनोम (संपूर्ण डीएनएचा क्रम) प्रसिद्ध झाला. त्या कामाच्या अग्रभागी हैदराबादजवळची कृषी संशोधन संस्था इक्रिसॅट आणि चीनमधली जीनोम संस्था बीजीआय यांच्याबरोबर डेव्हिसचे संशोधक होते. त्या कॅम्पसवरच्या जीनोम सेंटरमधला बायोइन्फर्मॅटिक्स कोअर (जैविक डेटाचं विश्लेषण करणारा विभाग) आरएनए-सीक (कोणतं जनुक किती सक्रिय आहे, ते आरएनए वाचून मोजण्याची पद्धत) आणि सिंगल-सेल (एकेका पेशीच्या) विश्लेषणाच्या कार्यशाळा घेतो. त्यांची जाहिरात आली की पुण्या-मुंबईतल्या, परभणी-राहुरीतल्या विद्यार्थ्यांचे प्रश्न सुरू होतात: फी किती, ऑनलाइन आहे का, प्रमाणपत्र मिळतं का? यापेक्षा आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: माझा डेटा त्या शिकवणुकीच्या लायकीचा आहे का? कार्यशाळेत विश्लेषण शिकता येतं, पण चुकीच्या आराखड्याने केलेला प्रयोग तिथे कुणी दुरुस्त करून देत नाही.

म्हणून सुरुवात आराखड्यापासून. प्रत्येक गटात तीन जैविक रेप्लिकेट (एकाच स्थितीतले स्वतंत्र नमुने, उदा. वेगवेगळी झाडं) ही किमान संख्या मानली जाते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. २०१६ साली यीस्टचे ४८ रेप्लिकेट घेऊन केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीनच रेप्लिकेट घेतले तर सक्रियता बदललेल्या जनुकांपैकी जेमतेम २० ते ४० टक्के सापडतात, असं त्यात दिसलं. शिफारस किमान सहाची होती. पैसे मोजकेच असतील तर प्रत्येक नमुन्याचे रीड्स (यंत्राने वाचलेले क्रमाचे तुकडे) कमी करा आणि रेप्लिकेट वाढवा. नेहमीच्या एमआरएनए-सीकला एका नमुन्यामागे २ ते ३ कोटी रीड्स पुरतात. दहा कोटी रीड्स घेऊन दोनच रेप्लिकेट ठेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. एकाच कुंडीतली तीन पानं म्हणजे तीन रेप्लिकेट नव्हेत, हेही इथेच सांगून ठेवतो.

दुसरी गोष्ट बॅचची, म्हणजे एका वेळी एकत्र हाताळलेल्या नमुन्यांची. सगळे कंट्रोल सोमवारी आणि सगळी ताण दिलेली झाडं मंगळवारी, असं आरएनए काढलं तर दिसणारा फरक ताणाचा की वाराचा, हे नंतर कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. दोन्ही दिवशी दोन्ही गटांतले नमुने मिसळून घ्या आणि कोणता नमुना कधी, कुणी, कोणत्या किटने काढला ते तक्त्यात लिहून ठेवा. हा तक्ता पुढे विश्लेषणाच्या सांख्यिकी मॉडेलमध्ये लागतो.

आरएनएच्या दर्जाबाबत नॅनोड्रॉपच्या (नमुना किती प्रकाश शोषतो ते मोजणारं यंत्र) आकड्यांवर फार भिस्त ठेवू नका. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या शोषणाचं (२६०/२८०) गुणोत्तर २ च्या आसपास आलं की सगळे खूश होतात, पण २६०/२३० जर १ च्या खाली असेल तर ग्वानिडीन, फिनॉल किंवा पॉलीसॅकराइड शिल्लक आहेत आणि लायब्ररी (सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेला नमुना) बनवताना एन्झाइम नीट चालणार नाही. आरएनए शुद्ध करायच्या कॉलमवरून एथेनॉलची धुलाई आणखी एकदा केली तर बरंचसं सुधारतं. नॅनोड्रॉप डीएनए आणि आरएनए वेगळे ओळखत नाही. त्यामुळे डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) न वापरलेल्या नमुन्यात प्रमाण फुगलेलं दिसतं. मोजणी क्युबिटवर (फक्त आरएनएला चिकटणाऱ्या रंगाने मोजणारं यंत्र) करा. अखंडतेसाठी बायोअॅनालायझरवरचा रिन आकडा पाहतात. १ ते १० या मापात पॉली-ए पद्धतीच्या (एमआरएनएची शेपटी पकडून तो वेचण्याच्या) लायब्ररीसाठी ८ च्या आसपास हवा. हिरव्या पानांच्या आरएनएत क्लोरोप्लास्टच्या रायबोसोमल आरएनएच्या जादा पट्ट्या असतात आणि त्यामुळे चांगल्या नमुन्याचाही रिन खाली येतो. अशा वेळी आकडा सोडा, आलेख डोळ्यांनी वाचा: शिखरं टोकदार आहेत की डाव्या बाजूला उतार पसरला आहे?

आरएनए तुटलेला असेल आणि तरीही पॉली-ए पद्धत वापरली, तर रीड्स जनुकाच्या ३' टोकाकडे (शेपटीच्या बाजूला) गोळा होतात. डेव्हिसच्याच डीएनए टेक्नॉलॉजीज कोअरमध्ये ३' टॅग-सीक नावाची स्वस्त सेवा आहे. त्यात मुळातच ३' टोकाचेच रीड्स घेतात, म्हणून सुमारे ५० लाख रीड्समध्ये काम भागतं आणि थोडा तुटका आरएनएही चालतो. तिची मर्यादा मात्र पक्की लक्षात ठेवा. स्प्लायसिंगबद्दल (एकाच जनुकाचे तुकडे वेगवेगळे जोडले जाण्याबद्दल) ती काही सांगत नाही, आणि ज्या पिकाच्या जीनोममध्ये जनुकांच्या ३' टोकांची नोंद अर्धवट आहे तिथे रीड्स जनुकाच्या हद्दीबाहेर पडून मोजणीतून गळतात.

भारतातून नमुने थेट तिकडे पाठवायचा बेत असेल तर आधी जैवविविधता कायदा, २००२ आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या अटी तपासा. माझं मत स्पष्ट आहे: सीक्वेन्सिंग इथेच करून घ्या, विश्लेषण तिकडच्या साहित्यावरून शिका.

ते साहित्य गिटहबवर खुलं आहे, आणि फी परवडत नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी हे आधी उघडून पाहावं. एमआरएनए-सीकच्या कार्यशाळेचा मार्ग साधारण असा: एचटीस्ट्रीमने रीड्सची सफाई, स्टारने जीनोमवर जुळवणी आणि मोजणी, मग आर या सांख्यिकी भाषेत एजआर आणि लिमा-वूम ही पॅकेजं. एचटीस्ट्रीमची सोय म्हणजे एका पायरीतून दुसरीत रीड्स पाइपने जातात, मधल्या फाइली डिस्कवर साठत नाहीत. मात्र यूएमआय (प्रत्येक मूळ रेणूला लावलेली ओळखखूण) नसलेल्या आरएनए-सीकमध्ये डुप्लिकेट काढून टाकू नका. जास्त व्यक्त होणाऱ्या जनुकाचे एकसारखे रीड्स येणारच. ते काढले तर नेमकी तीच जनुकं खोटी खाली दिसतात.

स्टारला मेमरी लागते ती जीनोमच्या आकाराच्या साधारण दहापट. मानवी जीनोमला ३० जीबी रॅम. हरभऱ्याची जुळवलेली क्रमवारी सुमारे ५३ कोटी बेसची (डीएनएच्या अक्षरांची) आहे, ती १६ जीबीच्या लॅपटॉपवर बसते. कांद्याचा जीनोम सुमारे १६ अब्ज बेसचा, म्हणजे लॅपटॉपचा विचारच नको, सर्व्हर लागेल. सराव यीस्टवर करा, ८ जीबीत आरामात होतो. फक्त इंडेक्स बनवताना एसए-इंडेक्स-एनबेसेस हा पर्याय १४ वरून १० वर आणा, नाहीतर लहान जीनोमवर स्टार मध्येच कोसळू शकतो.

नवशिक्यांचे सर्वाधिक तास जिथे जातात ती जागा म्हणजे स्टारची मोजणीची फाइल. तिच्यात चार स्तंभ असतात: जनुकाचं नाव, मग दिशा न पाहता केलेली मोजणी, मग दोन्ही दिशांच्या वेगवेगळ्या मोजण्या. पहिल्या चार ओळी जनुकांच्या नाहीत. न जुळलेले, अनेक जागी जुळलेले, जनुकाबाहेरचे आणि संदिग्ध रीड्स यांची ती बेरीज आहे. या ओळी न काढता फाइल आरमध्ये घेतली की नॉर्मलायझेशन (नमुन्यांच्या मोजण्या तुलनेजोग्या करणं) बिघडतं. स्तंभ निवडणं लायब्ररीवर अवलंबून आहे. डीयूटीपी पद्धतीच्या स्ट्रँडेड (दिशा जपणाऱ्या) लायब्ररीला चौथा, ३' टॅग-सीकच्या फॉरवर्ड किटला तिसरा. खात्रीसाठी तिसऱ्या आणि चौथ्या स्तंभाची जनुकांपुरती बेरीज करा. एक दुसऱ्याच्या कितीतरी पट असेल तर मोठा तो तुमचा. दोन्ही जवळपास सारख्या असतील तर लायब्ररी दिशाहीन आहे, दुसरा स्तंभ घ्या. सगळीकडेच शून्य येत असेल तर बहुधा जीनोमच्या फाइलीत गुणसूत्राचं एक नाव आहे आणि जनुकांच्या फाइलीत दुसरं.

आरमध्ये मूळ पूर्णांकी मोजण्याच द्या. एफपीकेएम किंवा टीपीएम (जनुकाची लांबी आणि एकूण रीड्स यांनुसार बदललेले आकडे) वूमला देऊ नका. त्याचा अंदाज मोजणीच्या आकारावर उभा असतो आणि ते रूपांतर ती माहिती पुसून टाकतं. फिल्टर-बाय-एक्सप्रने फारच कमी मोजणीची जनुकं काढा, टीएमएमने नॉर्मलाइझ करा आणि निकालाकडे धावण्याआधी एमडीएस आलेख (कोणते नमुने एकमेकांसारखे ते दाखवणारा) काढा. नमुने उपचारानुसार न जमता आरएनए काढल्याच्या तारखेनुसार जमले असतील तर बॅच मॉडेलमध्ये घाला. वर सांगितलेला तक्ता इथे उपयोगी पडतो. एकच कंट्रोल दूर उपचारांच्या घोळक्यात बसला असेल तर नळ्यांची अदलाबदल झाली का, ते आधी वहीत तपासा. नमुना सरळ उडवून टाकू नका.

एवढं यीस्टवर आणि मग स्वतःच्या डेटावर एकदा चालवून मगच अर्ज करा. शिकवणाऱ्यांना विचारण्याजोगे प्रश्न तेव्हाच तयार होतात, विशेषतः दोन घटकांच्या प्रयोगाचं डिझाइन मॅट्रिक्स (कोणता नमुना कोणत्या गटातला हे मॉडेलला सांगणारा तक्ता) कसं लिहायचं, यावरचे. वर्ग ऑनलाइन असेल तर वेळेचं गणित पाहा: कॅलिफोर्नियातले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. रात्रभर जागायचं असेल तर त्या आठवड्यात प्रयोगशाळेचं काम ठेवू नका, आणि डेटा आदल्या दिवशीच सर्व्हरवर चढवून एमडी५ (फाइल जशीच्या तशी पोचली का ते दाखवणारा संकेतांक) जुळवून घ्या. अर्धवट उतरलेली फास्टक्यू (रीड्सची) फाइल बऱ्याचदा जुळवणी अर्ध्यावर आल्यावरच कळते.