गुहागरची तार

दरवर्षी 26 जानेवारीला जोडून, दूरदूरची रेडिओकेंद्रं ऐकायला, आमचं रेडिओ श्रोता मंडळ कराडहून निघायचं आणि कुंभार्ली घाट उतरून, चिपळूणमार्गे गुहागरला पोचायचं. मी पहिल्यांदा गेलो 1987 साली, अकरावीत असताना. एसटीत ज्याच्या त्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला रेडिओ, आणि नानांच्या मांडीवर तांब्याच्या तारेचं भेंडोळं. नाना टपाल खात्यातून निवृत्त झालेले, मंडळाचे अध्यक्ष. त्यांचा एक नियम होता: सर्वांत नवा सभासद असेल त्यानंच तार बांधायची. त्या वर्षी नवा मीच होतो.

तार चांगली तीस मीटर लांब. दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी, आणि ती दोरी किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांना. तार झाडाला टेकता कामा नये. अर्थिंगसाठी तांब्याची सळई ओल्या वाळूत ठोकायची. मी सुरूवरून खाली उतरलो तेव्हा नाना म्हणाले, "अरे, आणखी हातभर वर घे. दमलास का?" मी परत चढलो.

रेडिओ कराडलाही लागायचाच. मग एवढी यातायात कशाला, असं घरचे विचारायचे. त्याचं उत्तर समुद्रात होतं. खाऱ्या पाण्यातून वीज चांगली वाहते, त्यामुळे मीडियम वेव्हच्या लहरी पाण्यावरून जमिनीपेक्षा कितीतरी लांब येतात. गुहागरच्या किनाऱ्यावर पश्चिमेला तोंड करून बसलं की समोर ना डोंगर ना गाव, नुसता अरबी समुद्र. सरळ त्याच अक्षांशावर पुढे गेलं तर सुमारे 2000 किलोमीटरवर ओमानमधलं सलालाह. विजेच्या तारा आणि मोटारी मागे राहिलेल्या. शिवाय जानेवारीत आभाळात विजा नसतात. मे महिन्यात वळवाच्या विजांनी कानात नुसतं कडकडायचं, म्हणून मेळावा थंडीतच.

खरी मजा दिवेलागणीची. दिवसा आकाशातला खालचा थर मीडियम वेव्ह गिळून टाकतो. सूर्य बुडाला की तो थर विरतो, आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून शेकडो मैल लांब उतरतात. आम्ही चटयांवर ओळीनं बसायचो. आधी पूर्वेकडची स्टेशनं उजळायची, कारण तिकडे अंधार आधी पडलेला. मग नाना घड्याळ बघत म्हणायचे, "थांबा, मसिराहला अजून ऊन आहे."

मसिराह हे ओमानजवळचं बेट. बीबीसीचं 1413 किलोहर्ट्झचं, म्हणजे 212 मीटरचं प्रसारण तेव्हा तिथून व्हायचं. बातम्या लंडनच्या, पण लहरी निघायच्या सुमारे दीड हजार किलोमीटरवरच्या त्या बेटावरून. तिथला सूर्य आपल्यापेक्षा साधारण तासभर उशिरा मावळतो. तो तास मला अजून आठवतो. आवाज आधी बारीक, लाटेसारखा वरखाली होणारा. मध्येच दुसरं स्टेशन अंगावर यायचं. नाना सेट हळूच फिरवायचे, कारण आतली फेराइटची कांडी एका दिशेला बहिरी असते, आणि नको तो आवाज त्या दिशेला बरोबर बसवला की तो दबतो. मग एकाएकी निवेदकाचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. कुणी बोलत नसे. भरतीचं पाणी पायाशी यायचं आणि आम्ही चटई मागे ओढायचो, पण काट्याला हात लावायचा नाही.

शॉर्टवेव्हसाठी ती लांब तार. 25, 31, 41 मीटरबँडवर, म्हणजे लहरींच्या लांबीनं ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यांवर, मॉस्को, ताश्कंद, श्रीलंका अशी रांगच लागलेली. वहीत नोंद करायची ती जागतिक वेळेत, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात वाजले की 1400. पुढे पाच आकडे: आवाजाची ताकद, दुसऱ्या स्टेशनचा त्रास, खरखर, चढउतार आणि एकूण. पाचपैकी गुण, पाच म्हणजे सर्वांत चांगलं. हीच नोंद मग पत्रानं त्या केंद्राला जायची. नानांनी कुणाला कधी सहज पाच पाच पाच पाच पाच लिहू दिलं नाही. "केंद्राचा इंजिनिअर तुझ्या पत्रावर विसंबणार आहे," म्हणायचे. त्या एका वाक्यानं मला नेमकं लिहायला शिकवलं. पुढे नोकरीत असंख्य अहवाल लिहिले, त्या प्रत्येकात ते पाच आकडे आहेत असं मी मानतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याडेश्वराचं दर्शन, घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, मग मेळावा. वर्षभरात आलेली क्यूएसएल कार्डं सुतळीवर चिमट्यांनी टांगलेली. तुमचं ऐकणं खरं आहे असं केंद्रानं कळवलेलं ते कार्ड. आमच्यासाठी ती पदवीच. वर्गणी, हिशेब हे पाच मिनिटांत उरकायचं. त्यानंतर कॅसेटवरचा खेळ: केंद्रं सुरू होण्याआधीच्या खुणेच्या धुना लावायच्या आणि पोरांनी ओळखायचं. रेडिओ ऑस्ट्रेलियाचा कूकाबुरा पक्षी हसायला लागला की सगळी मुलं त्याच्यासारखं हसायची, आणि तीच कॅसेट पुन्हा पुन्हा लावावी लागायची.

नाना गेले. तार मंडळाकडेच राहिली. स्टेशनं एकेक करून मिटत गेली. 2020 च्या मेळाव्यात आम्ही सात जण उरलो होतो. 11 मे 1940 ला सुरू झालेली बीबीसीची हिंदी रेडिओसेवा त्याच 31 जानेवारीला थांबणार होती, आणि आम्हाला ती शेवटची एकत्र गुहागरला ऐकायची होती. त्या वर्षी सर्वांत नवी सभासद म्हणजे माझी पुतणी, नववीतली. ती सुरूवर चढली, दोरी बांधून खाली आली.

मी वर पाहिलं आणि म्हणालो, "आणखी हातभर वर घे गं."

ती परत चढली. 1400 वाजता आवाज आला, खरखरीतून पण स्पष्ट. तिनं वहीत पाच आकडे लिहिले, एक खोडला आणि खालचा गुण दिला.