पिवळा डंपर

न्यूज पोर्टलच्या डेस्कवर मी बरीच वर्षं काढली. खाणीची बातमी आली की हात आपोआप चालायचे. एजन्सीची कॉपी उघडायची, पहिल्या दोन ओळी आवळायच्या, वर पिवळ्या डंपरचा संग्रहित फोटो डकवायचा. तो एकच डंपर मी कोळशाला वापरला, लोखंडाला वापरला, एकदा तर सोन्यालाही. कुणी विचारलं नाही.

शीर्षकाचा साचा ठरलेला: 'खाणविरोधी आंदोलनाला हिंसक वळण'. वळणाआधी रस्ता असतो, तो आपण कधी दाखवला, हे मनात यायचं नाही. आलं ते एका नाईट शिफ्टला, तेही व्याकरणामुळे. कॉपीत दोन वाक्यं शेजारी शेजारी होती. 'जमावाने दगडफेक केली.' 'गोळीबारात दोघांचा मृत्यू झाला.' शाळेतल्यासारखा कर्ता शोधत बसले. दगड मारणारे सापडले. गोळी मात्र आपली आपणच सुटली होती. पुढच्या परिच्छेदात पोलीस होते, म्हणून मी 'पोलिसांनी गोळीबार केला' असं करून ठेवलं. सकाळी पाहते तर परत 'गोळीबारात'. कुणी बदललं ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिथेही कर्ता नव्हताच म्हणा.

तेव्हापासून जुन्या बातम्या मनात उलटसुलट करून पाहायचा नाद लागला. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साइटसाठी खाण येणार असेल, तर तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या धार्मिक आणि सामुदायिक हक्कांचा विचार तिथल्या ग्रामसभांनी करावा. आमचं शीर्षक: 'वेदांतला धक्का'. निकाल ग्रामसभांच्या हाती अधिकार देणारा, आणि बातमीत धक्का कंपनीला! त्यानंतर जुलै-ऑगस्टच्या पावसात बारा गावांत, न्यायाधीशांच्या देखरेखीखाली, एकेक सभा झाली. बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. या डोंगरात आमचा देव नियमराजा राहतो, असं लोक सरकारी कागदावर नोंदवून घेत होते. याहून मोठी बातमी काय असते? आम्ही शेवटच्या सभेनंतर एक केली, चार परिच्छेदांची. डंपरसकट.

जूकन घळीचं तर आणखीच चमत्कारिक. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या या घळीतल्या कपारींमध्ये माणसाच्या वावराच्या ४६ हजार वर्षांपर्यंतच्या खुणा होत्या. २४ मे २०२० ला 'रिओ टिंटो' या खाण कंपनीने लोखंडासाठी सुरुंग लावून त्या उडवल्या, आणि जगभर गहजब झाला. पण सरकारी परवानगी २०१३ मधलीच होती. पुढच्याच वर्षी तिथल्या उत्खननात माणसांच्या केसांची चार हजार वर्षांपूर्वीची वेणी मिळाली, तिचं नातं तिथल्या आजच्या पुतु कुंती कुर्रामा या मूळनिवासी लोकांशी जुळलं, तरी परवानगी तशीच राहिली. स्फोट कायदेशीर होता! गहजब व्हायला हवा होता तो परवानगीच्या दिवशी. पण सहीचा फोटो निघत नाही, धुळीचा निघतो.

पनामाचं थोडक्यात: २०२३ मध्ये तांब्याच्या खाणीच्या कराराविरुद्ध लोक आठवडेच्या आठवडे रस्त्यावर होते, आणि २८ नोव्हेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो करार मंजूर करणारा कायदाच घटनाबाह्य ठरवला. आमच्याकडे ही बातमी 'बाजार' विभागात गेली. तांब्याच्या भावाचं काय होणार, या मथळ्याखाली.

नोकरी सुटली तरी खोड सुटली नाही. आता खाणीवरून कुठे दगडफेक झाली की मी त्या प्रकल्पाच्या जनसुनावणीचं इतिवृत्त शोधते. सापडलंच तर तिरकं स्कॅन केलेलं, मध्येच एखादं पान उलटं, शेवटी हजेरीचे अंगठे. परवा असंच एक उघडलं. डावीकडे हरकत, उजवीकडे कंपनीचं उत्तर. एका बाईंनी विचारलं होतं, खालचा झरा आटला तर पाणी कुठून आणायचं? समोरच्या रकान्यात तीन शब्द: 'नोंद घेण्यात आली'. मग तारखेकडे लक्ष गेलं. याच प्रकल्पाच्या बातमीवर मी डंपर डकवला होता, त्याच्या सहा वर्षं आधीची होती.