सात-पाचच्या बातम्या

आज पहाटेच लाइट गेली, फोन रात्रीच बंद पडलेला. किती वाजले तेच कळेना! लहानपणी आमच्याकडे घड्याळ एकच, तेही बाबांच्या मनगटावर. ते पहिल्या पाळीला गेले की घर रेडिओवर चालायचं. पुणे केंद्रावरून बातम्या देणाऱ्या सुधा नरवणेंचा आवाज आला की ७ वाजून ५ मिनिटं. तोवर वेण्या झाल्या नसतील तर धपाटा ठरलेला. बातम्या कोण ऐकतंय? स्टोव्हचा आवाजच एवढा! मध्येच तो विझायचा, मग त्याचं भोक साफ करायची पिन शोधा. पिन कधी जागेवर नसायचीच. (पाटीवर रेघोट्या मारायला मीच पळवायचे, आज कबूल करते.) लाइट दहाला आली. तोवर माझा तीनदा चहा झाला होता.