रामटेक, दीक्षाभूमी आणि बाल्मोंत

रामटेकमुळे कालिदास नागपूरकरांना घरचाच वाटतो. दीक्षाभूमीमुळे बुद्धचरित्रही. या दोन्हींचा रशियन अवतार घडवला तो कॉन्स्तान्तीन बाल्मोंत या एकाच कवीनं. त्याचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही.

जन्म १८६७चा, व्लादिमीर प्रांतातला. १८९० मध्ये खिडकीतून उडी मारली, त्यातून वाचला आणि वर्षभर अंथरुणाला खिळला. १९०१ मध्ये झारवर टीका करणारी कविता जाहीर वाचली म्हणून राजधानीतून हद्दपार झाला. १९२० मध्ये देश सोडला तो कायमचा. १९४२ मध्ये पॅरिसजवळ वारला. अनुवादांतून मात्र शेली, पो, व्हिटमन, काल्देरोन असं अख्खं दालन उभं करून गेला.

त्याचा कान कसा होता, हे १८९४च्या संग्रहातल्या या चार ओळींत कळतं:

वेचेर. व्झमोऱ्ये. व्झदोखी वेत्रा.
वेलिचावी वोझग्लस वोल्न.
ब्लिझ्का बूर्या. व् बेरेग ब्योत्सा
चुझ्दी चारम चोर्नी चोल्न.

संध्याकाळ, समुद्रकाठ, वाऱ्याचे उसासे, लाटांची धीरगंभीर हाक. वादळ जवळ आलंय आणि कसल्याच मोहिनीला न भुलणारी काळी नाव किनाऱ्यावर आदळतेय. ओळींत आळीपाळीनं ८ आणि ७ अक्षरं. पहिल्या दोन ओळी 'व'च्या, तिसरी 'ब'ची, चौथी 'च'ची. वाचताना लघु-गुरू मोजायला गेलात तर फसाल. रशियन वृत्त आघातावर चालतं: इथे विषम अक्षरावर जोर, सम अक्षर हलकं.

हाच कान अनुवादात आडवा येतो. शेलीच्या साध्या ओळीला बाल्मोंत दोन-तीन विशेषणं जोडतो, नाद वाढवतो. चुकोव्स्की या समीक्षकानं त्या मिश्रणाला 'शेल्मोंत' असं नाव ठेवलं, आणि ते अन्यायाचं नाही. पोच्या 'बेल्स' या कवितेचं त्यानं इतकं मोकळं रूपांतर केलं, की रखमानिनोवनं १९१३ मध्ये त्यावर रचलेल्या संगीतात पोचे मूळ इंग्रजी शब्द जसेच्या तसे बसत नाहीत.

आता आपल्या कामाचं. अश्वघोषाच्या बुद्धचरिताचा त्याचा अनुवाद १९१३चा. तो संस्कृतावरून केलेला नाही. सॅम्युअल बीलच्या १८८३च्या इंग्रजीवरून केलाय, आणि बीलचं इंग्रजी पाचव्या शतकातल्या चिनी अनुवादावरून. संस्कृत प्रत चौदाव्या सर्गाच्या आसपास तुटते. चिनीत पूर्ण २८ आहेत. त्यामुळे या आडवाटेनं बाल्मोंतच्या हाती महापरिनिर्वाणापर्यंतची कथा लागली. डॉ. आंबेडकरांनीही आपल्या बुद्धग्रंथाच्या प्रस्तावनेत काही प्रसंगांसाठी अश्वघोषाची भाषा घेतल्याचं नोंदवलं आहे, म्हणून दीक्षाभूमीच्या वाचकाला तुलनेसाठी हा ग्रंथ सोयीचा.

शाकुंतलाचा अनुवाद आधी रंगमंचावर गाजला: डिसेंबर १९१४ मध्ये मॉस्कोचं कामेर्नी थिएटर याच नाटकानं उघडलं, दिग्दर्शक ताइरोव, शकुंतला अलीसा कोनेन. कालिदासाची तिन्ही नाटकं १९१६ मध्ये एकत्र छापली गेली, प्राच्यविद्येचे रशियन अभ्यासक ओल्देनबुर्ग यांच्या प्रस्तावनेसह. मेघदूत त्यात नाही, रामटेकवाल्यांनी उगाच शोधू नये.

दोन्ही पुस्तकं १९१८च्या लिपीसुधारणेआधीची. आजचं रशियन शिकलेला माणूस पहिल्याच पानावर अडखळतो. व्यंजनानं संपणाऱ्या शब्दाच्या शेवटी एक मूक चिन्ह लटकलेलं असतं, ते सोडून द्या. 'यात' हे अक्षर 'ये'सारखं वाचा. ठिपक्याचा 'इ' म्हणजे साधा 'इ'. सूचीत नायिका 'साकुंताला' अशी सापडेल, 'श' लावून शोधलं तर हाती काही लागणार नाही.

ताडून बघायला बुद्धचरिताचा तिसरा सर्ग घ्या: राजपुत्राची नगरफेरी, म्हातारा, रोगी, प्रेत. तो संस्कृतातही आहे. फरक दिसला की लगेच बाल्मोंतवर खापर फोडू नका. तो फरक चिनीत शिरला की इंग्रजीत, हे आधी बघा. बीलमध्ये नसलेलं विशेषण रशियनमध्ये दिसलं, तर मात्र ते त्याचंच. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकाला हात घालण्याआधी आपली संस्कृत प्रत देवनागरी पाठाची आहे की बंगाली (या नाटकाच्या दोन वेगळ्या संहिता), ते तपासा. बंगाली पाठात तो अंक बराच लांब आहे.