माझा अनुभव : इंग्लंडमधल्या पॅरिश कौन्सिलवर ‘को-ऑप्ट’ होताना

आमची पॅरिश ऑक्सफर्डशायरमधली : तीन गावं आणि त्यांच्यामध्ये विखुरलेली शेतघरं, सगळ्यांची मिळून सात सभासदांची एक कौन्सिल. आपल्या ग्रामपंचायतीची चुलत बहीण म्हणा. पण इथला क्लर्क ग्रामसेवकासारखा वरून नेमलेला नसतो, त्याला कौन्सिलच पगार देते. अध्यक्ष दरवर्षी मे महिन्यात सभासदांमधूनच निवडला जातो. ‘को-ऑप्ट’ होणं म्हणजे पोटनिवडणूक न होता रिकाम्या जागेवर कौन्सिलनेच निवडून घेणं.

पहिला अडसर व्हिसाचा. भारतीय नागरिक वर्क व्हिसावर असला तरी इथल्या निवडणुकीत मत देऊ शकतो, म्हणून सभासदही होता येईल असं वाटतं. तसं नाही. त्यासाठी आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी हातात लागते. शिवाय वय १८ पूर्ण हवं आणि पॅरिशशी नातं दाखवावं लागतं. मतदार यादीत नाव असलं की झालं. नसेल तर गेले १२ महिने पॅरिशमध्ये किंवा हद्दीपासून ३ मैलांच्या आत राहिलेलं चालतं. पॅरिशच्या हद्दीत १२ महिने नोकरी किंवा जमीन असली तरी चालतं.

जागा रिकामी झाली की नोटीस बोर्डवर कागद लागतो. त्यानंतरच्या १४ दिवसांत १० मतदारांनी लेखी मागणी केली तर पोटनिवडणूक घ्यावी लागते, नाही तर कौन्सिल स्वतः माणूस निवडते. या १४ दिवसांत शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे धरत नाहीत. ईस्टरच्या आसपास नोटीस लागली तर तीन आठवडे उलटून जातात. मुदत संपण्याआधीच को-ऑप्शन उरकलं तर ते टिकत नाही. अजेंडाही सभेआधी पूर्ण तीन दिवस लागलेला हवा, आणि त्यात हा विषय स्पष्ट लिहिलेला हवा. ‘इतर विषय’ या सदराखाली निवड होत नाही.

मतदानातली खरी गोम बहुमताची. सहा जण हजर, तीन इच्छुक आणि मतं ३-२-१ पडली, तर पहिला निवडून आलेला नसतो! मत देणाऱ्यांच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे चार मतं लागतात. शेवटच्याला वगळून पुन्हा हात वर करायचे. तेव्हा ३-३ झाली तर अध्यक्षाचं निर्णायक मत.

निवड झाली तरी खुर्चीत लगेच बसायचं नाही. आधी पद स्वीकारल्याच्या घोषणापत्रावर क्लर्कसमोर सही. पहिल्या सभेपर्यंत ती झाली नाही आणि कौन्सिलने मुदतही वाढवून दिली नाही, तर जागा पुन्हा रिकामी.

मग २८ दिवसांत हितसंबंधांचा फॉर्म. तो डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या (पॅरिशच्या वरच्या कौन्सिलच्या) मॉनिटरिंग ऑफिसरकडे, म्हणजे सभासदांच्या आचरणावर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. आपल्याबरोबर जोडीदाराची नोकरी आणि जमीनही लिहायची. लोक नेमकं राहतं घर विसरतात. भाड्याचं असलं तरी तेही लिहावं लागतं. पुण्यातला फ्लॅट लिहायची गरज नाही, कारण पॅरिशच्या हद्दीतलीच जमीन विचारलेली असते. सबळ कारण नसताना माहिती दडवली तर तो फौजदारी गुन्हा आहे, त्यामुळे ‘नंतर भरू’ म्हणून बाजूला ठेवू नका.

कामाची हद्दही आधीच समजून घ्या. रस्त्यावरचे खड्डे काउंटी कौन्सिलकडे (ती डिस्ट्रिक्टच्याही वरची), कचरा आणि बांधकाम परवाने डिस्ट्रिक्टकडे. बांधकामाच्या अर्जावर पॅरिशला फक्त मत कळवता येतं, तेही साधारण २१ दिवसांत. ‘घराची किंमत उतरेल’ किंवा ‘आमचा नजारा जाईल’ असं लिहिलेलं वाया जातं. वाहतूक, पाण्याचा निचरा, शेजारच्या खिडकीतून घरात डोकावणं, हे मुद्दे विचारात घेतले जातात.

आणि भारतात लांबच्या मुक्कामाला जाणार असाल तर हे विसरू नका : सलग सहा महिने एकाही सभेला हजर राहिलं नाही तर सभासदत्व आपोआप जातं. ऑनलाइन हजेरी धरत नाहीत. इतिवृत्तात ‘अपॉलॉजीज’ (गैरहजेरीबद्दलची दिलगिरी) लिहून घेतल्या म्हणजे कारण मंजूर झालं असं नाही. सहा महिने पुरे होण्याआधी त्या कारणाला कौन्सिलची मंजुरी ठरावाने घ्यावी लागते.