मधलं भावंड

जुन्या आगगाड्यांच्या गप्पा निघाल्या की त्या हटकून वाफेच्या इंजिनापाशी जातात. कोळसा, शिट्टी, डोळ्यात गेलेला कण. ज्यांनी ते इंजिन गाडी ओढताना कधी पाहिलेलंच नाही तेसुद्धा हळवे होतात. विजेच्या इंजिनाला कुणी हळवं व्हायची गरज नाही, त्याचे दिवस चालू आहेत. या दोघांच्या मधे ज्यानं वर्षानुवर्षं देशभरच्या मेल आणि एक्स्प्रेस गाड्या ओढल्या, ते डिझेल इंजिन मात्र घरातल्या मधल्या भावंडासारखं राहून गेलं. थोरल्याचं कौतुक, धाकट्याचे लाड, आणि दळण आणायला मधला.

माझं लहानपण या मधल्याच्या सोबतीनं गेलं, तेव्हा पुढचं सगळं पक्षपाती आहे असं समजूनच वाचावं.

आमचं गाव कऱ्हाडजवळ. मुंबईहून निघालेली गाडी पुण्यापर्यंत विजेवर यायची. मुंबई-पुणे मार्गावर १९३० च्या आसपासच तारा आल्या होत्या, पण मिरजेकडे जाणाऱ्या एकेरी लाइनीवर त्या नव्हत्या. म्हणून पुण्यात इंजिन बदलायचं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलं तर हे सगळं मध्यरात्री झोपेत होऊन जायचं. कोयना एक्स्प्रेसनं गेलं तर भरदुपारी, डोळ्यांसमोर.

विजेचं इंजिन कधी सुटून निघून गेलं ते कळायचंही नाही. मग समोरून डिझेल हळूहळू मागे सरकत यायचं. रुळांशेजारी हिरवी झेंडी धरलेला माणूस, त्याची नजर दोन्ही कपलिंगांमधल्या अंतरावर. इंजिन जवळ येऊन थांबायचं. अजून थोडं. पुन्हा थांबायचं. झेंडी हलायची आणि मग खाडकन धक्का, तो पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत पोचेस्तोवर प्रत्येक डब्यात कुणाचा तरी चहा सांडलेला असायचा. त्यानंतर तो माणूस वाकून इंजिन आणि पहिल्या डब्याच्या फटीत शिरायचा, ब्रेकचे पाइप जोडायचा आणि फुस्स करून हवा बोलायची. तेवढ्या वेळात बाबा पाण्याचा फिरकीचा तांब्या घेऊन नळावर गेलेले असत, आणि आई खिडकीतून "अहो, चढा आता!" म्हणत असे. ब्रेकची तपासणी व्हायची असे, गार्डाची झेंडी दिसायची असे, गाडी सुटायला वेळ असे. हे आईला माहीत होतं. तरी ती म्हणायचीच.

मला मात्र फलाटाच्या पुढच्या टोकाला जाऊन त्या इंजिनाशेजारी उभं राहायचं असायचं. विजेचं इंजिन थांबलं की थांबतं. डिझेल थांबलं तरी चालूच असायचं. तो खोल, किंचित अडखळणारा घरघराट, जणू एक ठोका मधूनच गाळला जातोय असा. लोखंडी बाकावर बसलं की थरथर हाडांपर्यंत यायची. जाळीतून गरम तेलाच्या वासाची झुळूक अंगावर यायची. मधेच काही कारण नसताना टपावरचा मोठा पंखा भणाणायला लागायचा. कारण असायचं अर्थातच. आतलं पाणी तापलं की तो पंखा आपसूक सुरू होतो, हे मला फार उशिरा कळलं.

इंजिन बंद का करत नाहीत, हा प्रश्न मी बाबांना दरवेळी विचारायची. "डिझेल फुकटचं आहे रेल्वेला," एवढंच त्यांचं उत्तर. खरं उत्तर साधं आहे. एवढं धूड पुन्हा सुरू करायचं म्हणजे बॅटरीच्या जिवावर येतं, शिवाय ब्रेकची हवा टिकवायची तर कॉम्प्रेसर फिरत राहायला हवा. बाबांना डिझेल मुळातच आवडत नसे. ते वाफेवर वाढलेले. "हे कसलं इंजिन? लोखंडी पेटी आहे नुसती," असं म्हणायचे. माझा भाचा आता विजेच्या इंजिनांचे नंबर पाठ करतो आणि माझ्या डिझेलकडे तसंच बघतो.

त्या पेटीचं नाव डब्ल्यूडीएम-२. यातला पहिला डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल आणि एम म्हणजे मिश्र, प्रवासी आणि माल दोन्ही ओढणारं. १९६२ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून पहिली इंजिनं आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल कारखान्यात ती तयार व्हायला लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन. गंमत म्हणजे अल्कोनं १९६९ मध्ये इंजिनं बनवणंच बंद केलं. मूळ घराला कुलूप लागलं, पण वाराणसीत हे मॉडेल नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिलं, अडीच हजारांच्या वर. त्याच्याच पोटातून पुढची जास्त ताकदीची भावंडंही निघाली. त्यामुळे न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी नावाच्या गावी आखलेला आवाज आमच्याकडे वाठार स्टेशनाचा आवाज होऊन बसला.

या इंजिनाला एका बाजूला आखूड नाक आणि दुसऱ्या बाजूला लांबलचक बॉनेट. लांब बाजू पुढे करून जोडलं असेल तर ड्रायव्हरला ते अख्खं बॉनेट ओलांडून, कडेकडेनं सिग्नल बघावा लागायचा. दिसायला मला तेच ऐटदार वाटायचं. चालवणाऱ्यांचं मत अर्थातच वेगळं असणार.

पण खरी मजा पुण्यापुढे घाटात. जेजुरीच्या अलीकडे शिंदवण्याचा घाट आणि लोणंद सोडल्यावर आदर्कीचा. भोर घाटासारखा यांचा गाजावाजा नाही, तरी डिझेलची परीक्षा इथंच व्हायची. चढ लागला की ड्रायव्हर एकेक नॉच, म्हणजे ताकदीची एकेक पायरी, वाढवत जायचा. असे आठ नॉच. पहिल्याला इंजिन मिनिटाला चारशेच्या आसपास फेरे घेतं, आठव्याला हजार. डब्यात बसून ते मोजता यायचं नाही, पण कळायचं. घरघराटाची गुरगुर व्हायची, गुरगुरीचा गडगडाट, आणि त्यावर टर्बोची, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा कोंबणाऱ्या यंत्राची, एक बारीक शीळ. वेग मात्र उलटा कमी होत जायचा. इतका की रुळाकाठच्या पोरांना गाडीबरोबर धावता यावं. वळण आलं की आपल्याच गाडीचं इंजिन खिडकीतून दिसायचं आणि त्याच्या टपावरून काळ्याभोर धुराचा लोट उठायचा.

या धुरावरून डिझेलनं फार शिव्या खाल्ल्या. त्याचं कारण असं, की नॉच वाढवला की सिलिंडरमध्ये डिझेल लगेच जास्त जातं, पण टर्बो चालतो धुरावर. त्याला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात हवा कमी, इंधन जास्त, अर्धवट जळालेलं सगळं काळं होऊन बाहेर. म्हणजे जिथं धूर दिसला तिथं ड्रायव्हरनं नुकतीच आणखी ताकद मागितली, असा त्याचा अर्थ. मी धुरावर नजर ठेवून चढ ओळखायला शिकले होते.

मेल गाडीचं अप्रूप वेगळंच. आमच्या लाइनीवर पॅसेंजरला सायडिंगला टाकून एक्स्प्रेस पुढे काढायचे तेवढाच काय तो रुबाब, पण मोठ्या मार्गांवर मेलचा मान असायचा. पंजाब मेल १९१२ पासूनची, फ्रंटियर मेल १९२८ ची. या दोघी पूर्वी थेट पेशावरपर्यंत जायच्या. त्यांच्या नावातली मेल म्हणजे अक्षरशः पत्रं. आमच्या शेजारचे एक काका आरएमएसमध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, सॉर्टर होते. रात्रभर हलत्या डब्यात उभं राहून, समोरच्या लाकडी खणांत पत्रं टाकत जायचं, पुढचं स्टेशन यायच्या आत त्या स्टेशनाची थैली बांधून तयार. डब्याच्या अंगालाच पेटी असायची. ऐनवेळी आलेला माणूस लेट फीचं जादा तिकीट चिकटवून फलाटावरूनच पत्र टाकू शकायचा. काका सांगायचे की आतून बाहेरचं काही दिसायचं नाही, पण सांधे बदलताना रुळांचा जो आवाज येतो त्यावरून कुठलं गाव आलं हे बिनचूक कळायचं. निवृत्त झाल्यावरही ते जेवताना उभेच राहायचे, असं काकू म्हणायच्या. यात अतिशयोक्ती किती ते काकूंनाच ठाऊक.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झाली ती डिझेलवरच. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात गाडी शिरली की डब्यात खिडक्या खाली ओढण्याची एकच घाई, तरी धुराचा वास आत यायचाच. २०२२ मध्ये तिथं शेवटपर्यंत तारा पोचल्या. आमच्या मिरज लाइनीवरही आता तारा आहेत. पुण्यात इंजिन बदलायला थांबणं नाही, चहा सांडणं नाही. घाटात गाडी पूर्वीसारखी कण्हत नाही. पैसे वाचतात, हवा स्वच्छ राहते, याबद्दल माझी तक्रार नाही. डिझेल परत आणा म्हणणारी माणसं बहुधा इंजिनामागच्या पहिल्या डब्यातून कधी गेलेली नसतात.

माझा रुसवा वेगळ्याच गोष्टीवर आहे. २०१९ मध्ये वाराणसीच्या त्याच कारखान्यातून जुन्या डिझेल इंजिनांचं रूपांतर करून केलेलं विजेचं इंजिन बाहेर पडलं. तसं ते फार नवलाचं नाही, कारण या डिझेल इंजिनांची चाकं मुळात विजेच्याच मोटारी फिरवतात. आतलं डिझेल फक्त जनित्र फिरवतं. वीजघर पाठीवर घेऊन पळणारं इंजिन ते, पाठीवरचं ओझं उतरवलं आणि वर तारेला हात लावून दिला. पण त्यात गेला तो नेमका आवाज. उरलेल्यांतली काही भंगारात जातील, एखादं रंग देऊन स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर चढेल. चौथऱ्यावरचं डिझेल इंजिन म्हणजे खरंच बाबा म्हणायचे तशी पेटी.

थोरल्याचं बघा. १८५५ सालची फेअरी क्वीन, वाफेचं इंजिन, १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर आणली, पर्यटकांना बसवून चालवली. मग एखादं डब्ल्यूडीएम-२ चालू स्थितीत ठेवायला काय हरकत आहे? वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, सहा-सात डबे जोडून शिंदवण्याच्या घाटात सोडा. पुण्यात अर्धा तास नुसतं उभं करा, बंद न करता. तिकीट कितीही लावा, मी काढीन आणि पहिल्याच डब्यात बसेन. आईला मात्र यातलं काही विचारू नका. त्या प्रवासांनंतरचे कपडे तिनं धुतलेले आहेत.