नळ एकच होता

रविवार, रात्री

दुपारपासून एकच जपानी गाणं पुन्हा पुन्हा लावतेय. जपानीच्या क्लासमधल्या मैत्रिणीने पाठवलं. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर बातो-लाव्हार नावाची चित्रकारांची इमारत होती, तिच्यावरून सुचलेलं हे पॉप. चाल इतकी मऊ, की उद्याच नोकरी सोडावी आणि गळक्या छपराखाली रंग कालवत बसावं असं वाटतं.

पण त्या घराबद्दल जे वाचलंय, ते या चालीत काही बसत नाही.

लाकडी, करकरणारी, उतारावर कशीबशी टेकलेली इमारत. चौकातून आत शिरायचं ते थेट वरच्या मजल्यावर, आणि मग जिने उतरत आपल्या खोलीकडे. सगळ्या बिऱ्हाडांत मिळून नळ एक. थोडक्यात चाळच, फक्त भाडेकरू पिकासो, हुआन ग्रिस, व्हान डोंगेन. पिकासो तिथे १९०४ ते १९०९ राहिला. त्याच्यासोबत राहणाऱ्या फर्नांद ओलिव्हिएने आठवणींत लिहिलंय, की हिवाळ्यात कपात राहिलेला चहा सकाळपर्यंत गोठलेला असायचा. हे वाचल्यापासून ती इमारत म्हटलं की मला तो कपच दिसतो. क्युबिझम (पिकासोची ती तुकड्यातुकड्यांची चित्रशैली) वगैरे नंतर. उन्हाळ्यात त्याच खोलीची भट्टी व्हायची.

मजाही होती म्हणा. १९०८ मध्ये पिकासोने म्हाताऱ्या चित्रकार आंरी रूसोसाठी मेजवानी ठेवली आणि मागवलेलं जेवणच वेळेवर आलं नाही! वर टांगलेल्या कंदिलाचं मेण रूसोच्या डोक्यावर ठिबकत होतं आणि तो बिचारा खुशीत बसून होता. गाणं करायचं तर या रात्रीवर करावं.

आणि यात खराखुरा जपानी माणूस हवाच असेल तर चित्रकार त्सुगुहारु फुजिता आहे की. तोक्योचा हा पोरगा १९१३ मध्ये पॅरिसला पोचला. पिकासो तोवर टेकडी सोडून गेला होता, पण फुजिताने त्याच्या नव्या स्टुडिओत रूसोचं चित्र पाहिलं आणि तो हादरलाच. पुढे फुजिता पॅरिसच्याच मोंपार्नास भागात, सिते फाल्गिएर नावाच्या गल्लीत राहिला. मोदिल्यानी आणि सूतीन हे चित्रकारसुद्धा त्याच गल्लीतले. तिथल्या एका हिवाळ्यात ऊब मिळावी म्हणून त्याने स्वतःचीच चित्रं शेगडीत घातली, असं सांगतात. मग दिवस पालटले. कीकी नावाच्या मॉडेलचं त्याने काढलेलं नग्नचित्र १९२२ च्या प्रदर्शनात आठ हजार फ्रँकला गेलं. आणि हाती पैसा आल्यावर या माणसाने काय केलं? र्यू दलांब्र या रस्त्यावरच्या स्टुडिओत आंघोळीचा टब बसवला, गरम पाण्याच्या नळासकट. त्या काळी मोंपार्नासमध्ये ही चैनच. मॉडेल मुली म्हणे टबाच्या ओढीनेही यायच्या.

म्हणून तर मला हा माणूस आवडतो. गरिबीतून गेलेला माणूस गरिबीची गाणी गात बसत नाही, आधी गीझर लावतो. (आमच्या बाबांनी पहिल्या बोनसमधून तेच केलं होतं.) गळक्या छपराचं कौतुक बहुतेक हीटर लावलेल्या स्टुडिओतच सुचत असावं.

बातो-लाव्हार १९७० मध्ये जळाली. दर्शनी भाग तेवढा वाचला, मागे आता काँक्रीट आहे.

मैत्रिणीला कळवलंय की गाणं छान आहे, पण कडवं एक कमी पडतंय, टबाचं. तिने हसण्याच्या चार बाहुल्या पाठवल्या आणि वर विचारलं, ‘म्हणजे आवडलं की नाही?’ आवडलंय गं. अजून चालूच आहे.